गाणं कधी सुरू होणार?

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. तुम्ही म्हणाल, कानाला लावायची वस्तू ती, तिला कसली आली भीती? पण मी राहतो कुठे, ते तर विचारा. मी एमआरआयच्या खोलीत राहतो. या खोलीत एक भलंमोठं मशीन आहे आणि त्याच्या मधोमध एक अरुंद बोगदा आहे. माणसाला फळीवर आडवं झोपवायचं, त्या बोगद्यात सरकवायचं आणि त्याच्या अंगाच्या आतली चित्रं काढायची, हे इथलं काम. चित्रं काढताना ते मशीन अशी काही बडवाबडवी करतं की ऐकणाऱ्याची बोबडी वळावी. आत जाणाऱ्याच्या कानांवर मी असतो. म्हणजे तो बिचारा एकदाच जातो, मी रोज जातो, आणि प्रत्येक वेळी तितकाच घाबरतो. सवय होते म्हणतात. मला अजून झालेली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. आजूबाजूच्या हेडफोनांच्या पोटात तारा, चुंबक, तांब्याची वेटोळी असं काय काय भरत होते. माझी पाळी आली तेव्हा काहीच भरलं नाही. दोन चपट्या वाट्या, त्यांवर मऊ गाद्या, मधे प्लॅस्टिकची पट्टी आणि दोन लांब पोकळ नळ्या. झालं! मला वाटलं, चुकून राहिलं असेल, आता कुणाच्या तरी लक्षात येईल. पण खोकं बंद करणारी बाई शेजारणीला म्हणाली, "हा चुंबकाच्या खोलीत जायचा आहे. आत लोखंडाचा कण जरी राहिला ना, तर उडून जाऊन आपटेल." उडून जाऊन आपटेल! माझी तर पाचावर धारण बसली. सबंध प्रवासभर मी खोक्यात पडल्या पडल्या एकच घोकत होतो, आपल्या पोटात एखादा खिळा तर नाही ना राहिला? राहिला नव्हता. पण तेव्हा घेतलेला धसका काही गेला नाही.

इथे मला ताईंनी खोक्यातून बाहेर काढलं. ताई म्हणजे मशीन चालवणाऱ्या बाई. त्यांच्याहून दुप्पट वयाचे पेशंटही त्यांना ताईच म्हणतात. त्या काचेपलीकडे बसतात, तिथून गाणं लावतात आणि ते नळ्यांमधल्या हवेवर बसून माझ्यापर्यंत येतं. त्या माइकवर बोलल्या की तेही माझ्यातूनच ऐकू येतं. माझा आवाज काही फार गोड नाही. बादलीत तोंड घालून कुणी गावं, तसा येतो. पण या खोलीत लोखंड-तांब्याच्या ऐटबाज हेडफोनांना मज्जाव, त्यामुळे सुरुवातीची वर्षं माझी चांगली चैन होती. ताई मला मऊ फडक्याने पुसायच्या. एका आजीबाईंनी तर बाहेर आल्यावर माझ्यावरून मायेनं हात फिरवला होता. पुढे माझ्या गाद्यांना चिरा पडल्या. सफाई करणारे मला नळ्यांना धरून उचलायला लागले आणि खुंटीवर उलटं टांगायला लागले.

मित्रांनो, माणसं खोटं बोलतात, पण कानाजवळची शीर खोटं बोलत नाही. "छे, मला कसली भीती!" असं म्हणणाऱ्याचीच शीर माझ्या गादीखाली जास्त थडथडत असते. त्या थडथडीने माझाही जीव वरखाली होतो. आणि याहून वाईट म्हणजे, काम झालं की माणूस उठतो, चपला घालतो आणि निघून जातो. त्याच्या चित्रात काय निघालं, तो पुढे बरा झाला की नाही, हे मला कुणी सांगत नाही. जाणाऱ्या प्रत्येकाची काळजी घेऊन मी मागे लटकत राहतो.

आता ताईंचं वेड सांगतो. त्यांना शास्त्रीय संगीताचा भारी नाद. पेशंटला त्या आवर्जून विचारायच्या, "काय ऐकायला आवडेल?" बहुतेक जण म्हणायचे, "काहीही लावा हो, पण लवकर आटपा." एकदा मात्र एक मास्तर आले, गाण्यातले पक्के दर्दी. त्यांनी आपली आवडती जलद चीज मागितली, तीही तबल्यासकट. ताई खूश! मास्तर शहाण्यासारखे आत गेले, पुतळ्यासारखे पडून राहिले. पण ताल फिरून समेवर आला, म्हणजे त्याच्या पहिल्या जागी आला, आणि मास्तरांनी झोकात मान डोलावली. पुढच्या समेला पुन्हा. चित्रात मास्तरांना दोन नाकं आली. मशीनमध्ये केसभरही हललेलं चालत नाही, त्यामुळे सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून ताईंनी ठरवून टाकलं की आत जाणाऱ्याला ठेका द्यायचा नाही. ठेका आला की पाय नाहीतर बोट, काहीतरी हललंच म्हणून समजा. द्यायचं ते संथ आणि सुटं, तबला सुरू व्हायच्या आधीचं.

आणि मग पेटीवाले आले.

पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना पेटीवाले म्हणत. चांगले उंचेपुरे, पंजे एवढाले. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा घरच्यांना वाटलं, जन्मभर पत्रा ठोकलाय, होणारच. मग एक दिवस ते चालता चालता कलंडले. कानाच्या डॉक्टरांना शंका आली की ऐकण्याच्या शिरेवर गाठ असावी. ती काढायची तर आधी स्वच्छ चित्र हवं. चित्र नाही तर ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही तर गाठ वाढत जाणार. बरं, झोपेचं औषध देऊन आत घालावं, तर त्यांना झोपेत श्वास अडकायचा त्रास. डॉक्टरांनी ते साफ नको म्हटलं होतं. थोडक्यात काय, जागेपणी, न हलता, त्या बोगद्यात पडून राहायचं, एवढा एकच मार्ग उरला होता. हे सगळं ताईंना पेटीवाल्यांच्या बायकोने सांगितलं. पेटीवाले स्वतः नुसते मशीनकडे बघत होते.

पत्र्याचं काम म्हटल्यावर ताईंनी त्यांना आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून आणायला लावला. डोळ्यात धातूचा बारीक कण रुतलेला असला तर मशीन तो ओढू शकतं. हे ऐकून पेटीवाल्यांच्या आधी मीच गारठलो. एक्स-रे स्वच्छ निघाला. पण तोवर त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"ठोकाठोकीला कसले घाबरताय?" बायको म्हणाली. "तुम्ही दिवसभर तेच तर करता. शेजारीपाजारी कंटाळलेत."

"मी बाहेरून ठोकतो गं," पेटीवाले म्हणाले. "आत बसून ऐकलंय कुणी?"

त्यांना फळीवर झोपवलं. मला कानांवर चढवलं. डोक्यावर पिंजऱ्यासारखी चौकट बसवली आणि हातात रबराचा फुगा दिला. तो दाबला की बाहेर घंटी वाजते. माझ्या गादीखालची शीर तर अशी उडत होती की मला मोजता येईना. ताईंना त्यांची दया आली. काचेपलीकडे जाऊन त्या माइकवर अगदी प्रेमाने म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं काका. छान शांत पेटी लावते."

आता मित्रांनो, गाण्यातली माणसं हार्मोनियमला पेटी म्हणतात. ताईंना म्हणायचं होतं, संथ हार्मोनियम ऐकवते. पण ज्याने जन्मभर पत्र्याच्या पेट्या केल्या, ज्याला आत्ता आडवं करून, डोकं अडकवून अंधाऱ्या भोकात सरकवलंय, त्याला कुणी 'पेटी लावते' म्हटलं तर तो काय समजेल?

"लावू नका!" पेटीवाले ओरडले. "अहो, मी आत आहे! झाकण लावू नका!"

घंटी वाजली, वाजतच राहिली. ताई धावत आल्या, फळी बाहेर ओढली, चौकट काढली. तेवढ्यात पेटीवाल्यांनी मला कानांवरून उपटलं आणि फेकून दिलं. माझी पट्टी मधोमध तडकली. कट्ट करून आवाज झाला तेव्हा वाटलं, संपलो. पण त्यांच्याकडे बघितलं आणि माझं दुखणं विसरलो. एवढा मोठा माणूस फळीच्या कडेला बसून लटलट कापत होता. बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिची मस्करी कुठल्या कुठे पळाली होती.

"होणार नाही माझ्याच्याने," ते म्हणाले. "जे व्हायचं ते होऊ दे."

"असं कसं होऊ दे?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

ते गेले. जाताना बायको ताईंना हळूच म्हणाली, "तुम्ही झाकण लावणार, असं वाटलं हो त्यांना." ताईंना आधी काही कळेना. मग कळलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळताना त्या सारख्या पुटपुटत होत्या, "पेटी म्हणे. पेटी कुठे म्हणायची, एवढंही कळू नये मला!"

त्यांनी फोन करून पेटीवाल्यांना पुन्हा बोलावलं. यायलाच तयार नव्हते. बायकोने कसंबसं आणलं. मला तर ते दारात दिसताच धडकी भरली. पुन्हा फेकलं तर या वेळी माझे दोन तुकडे नक्की! पण ताईंनी त्यांना मशीनकडे नेलंच नाही. काचेपलीकडेच, आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि माझ्या नळ्या तिथेच जोडून मला त्यांच्या कानांवर ठेवलं.

"काका, आज आधी नुसतं ऐकायचं. आवडेल तेच घेऊन आत जायचं."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," पेटीवाले म्हणाले.

"न कळणाऱ्यालाच द्यायला मला आवडतं. कळणारे माना हलवतात."

पहिल्यांदा त्यांनी संतूर ऐकवलं. पेटीवाल्यांनी तोंड वाकडं केलं. "खिळे सांडल्यासारखं वाटतंय. उचलायला उठावं लागेल." मग बासरी. ती त्यांनी बराच वेळ ऐकली. मला वाटलं, जमलं. पण ते म्हणाले, "ही चांगली आहे. पण हा मधेच श्वास घेतो ना, तेव्हा मलाही घ्यावासा वाटतो. आणि मग माझा श्वास अडकेल की काय, असं वाटतं." ताईंनी ताबडतोब बासरी बंद केली. थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "भूप राग ऐकवते. नवीन माणसाला भूप बरा. सूर मोजके आहेत, कुठे हरवायला होत नाही." एका बाईंचा आवाज आला. खर्जातला, भरदार. मागे तानपुरा, बाकी काही नाही. तबला नाही, पेटी तर नाहीच नाही.

पेटीवाले ऐकत राहिले. मग भुवया आक्रसून म्हणाले, "या नुसता आ का करतायत? दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखा?"

"अहो!" बायको दटावून म्हणाली.

"विचारतोय फक्त. गाणं कधी सुरू होणार?"

ताई हसल्या नाहीत. "होईल हो. घाई कसली? शब्द शोधू नका, त्या ज्या सुरावर आहेत ना, तो धरून बसा आणि त्या कुठे निघाल्यात ते बघा."

"सुरू झालं की सांगा मग," पेटीवाले म्हणाले, आणि उठून स्वतःच फळीवर जाऊन आडवे झाले. बायको काचेला नाक लावून उभी राहिली.

मित्रांनो, त्या वेळी मी किती घाबरलो होतो ते कसं सांगू? फळी आत सरकली. छत नाकाशी आलं. पेटीवाल्यांनी डोळे गच्च मिटले. शीर धाडधाड उडायला लागली आणि मुठीतला फुगा चेपायला लागला. मला वाटलं, आता घंटी होणार, आता मी भिंतीवर आपटणार, आणि हा माणूस घरी जाऊन त्या गाठीबरोबर बसून राहणार. मशीनने पहिला दणका दिला. ठाड् ठाड् ठाड् ठाड्! तेवढ्यात माझ्यातून तो आवाज आला. खालच्या सुरावर आला आणि तिथेच थांबला. पेटीवाले ऐकायला लागले. खरं तर ऐकत नव्हते, वाट बघत होते. बाई जरा वर चढल्या की त्यांना वाटायचं, हं, आता सुरू होणार! फुग्यावरची मूठ सैल व्हायची. बाई पुन्हा खाली उतरायच्या, एखाद्या सुराभोवती घोटाळत बसायच्या. पेटीवाले ओठ न हलवता पुटपुटायचे, "अजून नाही." मशीनने आवाज बदलला, आता कुणीतरी करवत घासतंय असं वाटत होतं. मूठ पुन्हा आवळली. मी सगळं बळ एकवटून तेवढा एक सूर त्यांच्या कानांशी धरून ठेवला. उजव्या कानाला तो अगदी क्षीण जात असणार, म्हणून तिकडे मी जीव तोडून वाजलो. बाई एक पायरी चढल्या. "आता," पेटीवाले तसंच पुटपुटले. नाही झालं. शीर जरा सावकाश उडायला लागली. मी जन्माचा भित्रा, आणि मला चांगलं ठाऊक होतं की पुढे तबला नाही, शब्दही नाहीत. तरी मीसुद्धा वाट बघायला लागलो.

फळी बाहेर आली तेव्हा पेटीवाले चिडलेले होते.

"बंद का केलंत?" ते म्हणाले. "आत्ता सुरू होणार होतं!"

"काका, झालं तुमचं. सगळी चित्रं झाली. एकही हललेलं नाही."

पेटीवाल्यांनी मशीनकडे बघितलं, मग ताईंकडे, मग हातातल्या न दाबलेल्या फुग्याकडे. बायको काचेपलीकडे तोंडावर पदर दाबून उभी होती. त्यांनी मला स्वतःच्या हाताने उतरवलं आणि उशीवर ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. पण तो काही फार वेळ तिथे राहिला नाही, कारण तेवढ्यात चित्रं बघायला आलेले डॉक्टर हळू आवाजात ताईंना म्हणाले, "गाठ बरीच मोठी आहे. काढता येईल, पण तो कान वाचणार नाही. आणि बाकीचंही सांभाळून करावं लागेल." मग पेटीवाले चपला घालून निघून गेले, आणि नेहमीप्रमाणे मला पुढचं कुणी काही सांगितलं नाही.

ते दिवस फार वाईट गेले. खोलीत नवा हेडफोन आला. पांढराशुभ्र, गुबगुबीत गाद्यांचा. मला खणात ठेवलं. अंधारात पडल्या पडल्या मला पेटीवाल्यांची ती 'झाकण लावू नका' अशी हाक आठवायची, आणि आता ती मला आतून कळायची. ऑपरेशन झालं का? ते उठले का? खणाला कान लावून मी बाहेरचे आवाज ऐकायचो. दर वेळी पायांचा आवाज आला की वाटायचं, ते असतील. आणि लगेच वाटायचं, त्यांची बायको एकटीच आली असेल तर? तिला काय म्हणतील ताई?

मग एक दिवस खण उघडला. नव्या हेडफोनची नळी निखळली होती, दुरुस्तीला गेला होता. ताईंनी मला पुसलं, चिकटपट्टी बदलली आणि ज्या कानांवर ठेवलं ते मला गादीला लागताच ओळखू आले. पेटीवाले! डोकं अर्धं भादरलेलं, उजव्या कानामागे लांब व्रण, त्या बाजूचा ओठ किंचित ओघळलेला. ऑपरेशननंतर सगळं नीट निघालंय ना, ते बघण्यासाठी पुन्हा चित्रं काढायची होती. मला आनंद झाला की भीती वाटली, ते सांगता येत नाही. दोन्ही एकदमच झालं.

"तेच ऐकवू का काका?" ताईंनी विचारलं.

"तेच."

"आज तरी सुरू होऊ दे म्हणावं," बायको म्हणाली. तिला पुन्हा मस्करी सुचत होती.

"ते सुरूच होतं गं," पेटीवाले म्हणाले. जीभ अजून जड होती, पण सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. "ऑपरेशनला नेलं ना, तेव्हा बाजूला कुणी नव्हतं. मी जाम घाबरलो होतो. मनातल्या मनात त्या बाईंना म्हटलं, चला, करा आता सुरू. त्यांनी आ केला आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्या पहिल्यापासून गातच होत्या. मीच खुळ्यासारखा वाट बघत होतो."

ताईंनी माझी पट्टी सारखी केली, फुगा त्यांच्या हातात दिला. मग व्रणाकडे बघून त्या म्हणाल्या, "या बाजूची नळी काढून ठेवू का काका? त्या कानाला आता ऐकू येत नाही. उगाच कशाला?"

पेटीवाल्यांनी उजव्या कानावरच्या माझ्या वाटीवर हात ठेवला.

"राहू द्या ताई," ते म्हणाले. "एकटा पडलाय तो. घाबरेल."

ताईंनी नळी काढली नाही. फळी आत गेली आणि मी दोन्हीकडे सारखाच वाजत राहिलो.

मित्रांनो, मला उलटं टांगू नका, नळ्यांना धरून उचलू नका, एवढं सांगायला मी सुरुवात केली होती. पण खरं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरात, शेजारी, दवाखान्याच्या बाकावर कुणी घाबरून बसलं असेल तर त्याला हसू नका, आणि त्याच्या कानाजवळचा आवाज बंद करू नका. त्याला ऐकू येतंय की नाही, ते मागाहून बघा.